पाठीला पाठ लावून बसलेला माणूस

आजारपणात मला पहिली शंका आली ती देवाविषयी नव्हती, स्वतःच्या जपाविषयी होती. तरुणपणापासून मी नेमाने रामनामाचा जप करीत आलो. रोजच्या माळा ठरलेल्या. कामाच्या गर्दीत काही राहिल्या तर दुसऱ्या दिवशी त्या भरून काढायच्या, आणि दर वर्षी माघात शिवथरच्या घळीत जाऊन वर्षभराचा जप देवाच्या पायाशी ठेवायचा, असा नियम. मी पोलादपूरला सोसायटीच्या गोदामात भात मोजून घेणारा माणूस. काट्यावर शेतकऱ्याचं मूठभर जास्त जाऊ द्यायचं नाही आणि सोसायटीचंही कमी येऊ द्यायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. देवाशी वागणंही तसंच झालं होतं. त्यामुळे मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, की आतड्यातला कर्करोग आता पोटाच्या पडद्यावर पसरला आहे, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, घरी जा, तेव्हा परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात एकच विचार घोळत होता. कुठल्या वर्षीचा जप कमी पडला असेल? वडखळपासून माणगावपर्यंत मी एकेक वर्ष आठवून पाहत होतो. शेजारी बायको खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिला वाटलं मला झोप लागली आहे.

भातकापणीच्या सुमारास पोट फुगायला लागलं. आधी धोतराची गाठ सैल करावी लागली, मग धोतर सोडून लुंगी आली, मग लुंगीसुद्धा छातीखाली बांधायची वेळ आली. हातपाय काटकीसारखे आणि मधे हा एवढा थोरला घट. दोन घास खाल्ले की पोट छातीवर चढायचं. आडवं होणं तर विसरूनच गेलो होतो. टेबलावर उशी ठेवून तिच्यावर कपाळ टेकायचं आणि जेवढा डोळा लागेल तेवढी झोप. गावातल्या जाणत्यांनी सांगितलं, हा जलोदर, पोटात पाणी झालंय, आता वरून पाणी घालू नका. मला ते हिशोबाला धरून वाटलं. भरलेल्या पोत्यात आणखी कशाला ओतायचं? मी स्वतःसाठी दिवसाचं पाणी फुलपात्राने मोजून ठेवू लागलो. जीभ लाकडासारखी झाली तरी मापाच्या बाहेर गेलो नाही. महाडच्या डॉक्टरांनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, पोटातलं पाणी तुमच्या पिण्यातून येत नाही, ते आजारातून पाझरतं. तहान लागली की प्या. घरी आल्यावर बायकोने तांब्या भरून आणला. मी एका दमात तो संपवला आणि ती पदराने डोळे पुसत उभी राहिली.

त्याच भेटीत डॉक्टरांनी सांगितलं, की पोटातलं पाणी सुई घालून काढावं लागेल. आजार त्याने जाणार नाही. पाणी पुन्हा भरेल, पुन्हा काढावं लागेल. पण श्वास मोकळा होईल, आडवं होता येईल, दोन घास जास्त जातील. मी लगेच हो म्हणालो नाही, कारण आमच्याकडे एक समज फार पक्का आहे, की पाणी काढलं की माणूस जातो. पाण्याबरोबर जीव वाहून जातो म्हणतात. बायकोचे वडील असेच गेले होते. ती म्हणाली, "आमच्या वाडीत पाणी काढून आणलेला माणूस एकही उरला नाही." मी तिला समजावलं, की लोक अगदी शेवटाला पाणी काढायला नेतात म्हणून ते जातात, काढल्यामुळे नव्हे. तिला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर माझंही माझ्या बोलण्याने समाधान झालं नव्हतं. दिवसा ते गणित बरोबर वाटायचं. दिवेलागणीला दम लागायला सुरुवात झाली, की वाटायचं, हे पाणीच आता मला धरून आहे. ते गेलं तर मागे काय उरणार?

मी देवाकडे खूण मागितली. काढू की नको, एवढंच विचारलं. रामाच्या तसबिरीसमोर बसून फूल पडतं का पाहिलं. पाल चुकचुकली तरी चाललं असतं, पण तीही गप्प होती. इतकी वर्षं जप करून एवढी साधी गोष्ट विचारली आणि तिथून काहीच आलं नाही, याचं मला फार लागलं. रागसुद्धा आला. पण रागवायलाही श्वास लागतो, आणि तो तेव्हा पुरत नव्हता.

शेवटी निर्णय श्वासानेच घेतला. एका सकाळी चार शब्द सलग बोलता येईनात. मुलगा भिवंडीला नोकरीला, त्याला तार केली होती, पण तो यायला अवधी होता आणि डॉक्टरांचा निरोप आला, की थांबू नका. शेजाऱ्याच्या जीपमधून बायको मला महाडला घेऊन निघाली. रस्त्यावर औद्योगिक वसाहतीच्या पाळीवर चाललेल्या लोकांच्या गाड्या पुढे मागे होत्या. सावित्रीच्या काठाने गाडी जात होती आणि प्रत्येक खड्ड्याला माझं पोट बाहेरून कुणी उचलून आपटावं तसं दुखत होतं. बायकोने दोन्ही हातांनी ते खालून धरलं होतं. त्या सबंध रस्त्यात आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

महाडचा दवाखाना लहान, एका खोलीत काही खाटा. पाणी काढताना रोग्याला अर्धवट बसतं ठेवावं लागतं. खाटेला टेकू देणारी लाकडी चौकट दुसऱ्या रोग्याकडे होती, त्याच्याकडून ती काढून घेणं शक्य नव्हतं. उशा रचल्या तर त्या घसरायच्या. बायको माझ्या मागे बसली, पण ती मुळात बारीक, त्यात महिनोन्महिन्यांची जागरणं. मी तिच्यावर टेकतो की नाही तोच तिचे हात थरथरायला लागले. नर्सबाई म्हणाल्या, बराच वेळ बसावं लागेल, तुम्हाला जमणार नाही. मुलगा कुठे आहे? मुलगा वाटेत होता. नर्सबाईंना इतर रोगी होते. मी पुढे वाकून, हात गुडघ्यांवर रोवून बसायचा प्रयत्न केला तर डॉक्टर म्हणाले, असं नाही चालणार. त्या क्षणी माझी खात्री पटली, की हीच खूण. देव नको म्हणतो आहे. मी बायकोला सांगितलं, चल घरी.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. आंबेनळीच्या बाजूच्या वरच्या वाडीतली, शेळ्यांमागे घसरून पाय मोडलेली. पाय प्लास्टरात, पण तोंड चांगलं चालू होतं. आम्ही आल्यापासून ती सगळं पाहत होती. तिचा मुलगा तिच्या उशाशी खाली बसला होता. त्याला ती म्हणाली, "ऊठ रं. बस जा त्या भावाच्या मागं. हितं बसून तरी काय करतोस, माझं तोंडच बघतोस ना? तिथून बघ."

त्याने तिचं म्हणणं शब्दशः पाळलं. तो माझ्या मागे आला आणि खाटेवर माझ्याकडे पाठ करून बसला, म्हणजे तोंड आईच्या खाटेकडे राहील. पाय खाली सोडले, हात काठावर रोवले आणि पाठीला पाठ लावली. मला त्याचा चेहरा दिसला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पाठ रुंद होती, कोमट होती, आणि तिला शेळ्यांचा आणि तंबाखूचा वास होता.

डॉक्टरांनी डाव्या कुशीत खाली बधिर करणारी सुई दिली. मग जाड सुई आत गेली. दुखलं कमी, पण आत काहीतरी दबून फुटल्यासारखं जाणवलं आणि रबरी नळीतून पाणी बाटलीत येऊ लागलं. फिक्या चहासारखा रंग. पोटाभोवती नर्सबाईंनी रुंद कापडी पट्टा गुंडाळला होता. पाणी जसजसं कमी होईल तसतसा तो आवळत जायचा, म्हणजे चक्कर येत नाही. बायको दाराशी उभी होती, मंगळसूत्र मुठीत धरून. माझी नजर बाटलीवर खिळली होती. पाण्याची रेघ काचेवर वर चढताना मला दिसत होती, आणि मनात एकच, की एवढा गेलो, आता एवढा गेलो. रामनाम घ्यायचं मनात होतं. दोन वेळा सुरू केलं, दोन्ही वेळा मधेच बाटलीकडे लक्ष गेलं आणि नाम कुठे सुटलं ते कळलं नाही. आयुष्यभर जे पाठ होतं ते ऐन वेळी हाताला लागेना, याची भीती सुईपेक्षा मोठी होती.

आणि मग पाणी थांबलं. बाटली पुरती भरलीही नव्हती. डॉक्टरांनी नळी हलवली, सुई किंचित फिरवली, काही नाही. म्हणाले, पोट आवळून धरलंय तुम्ही, सैल सोडा. मी सोडलं असं मला वाटत होतं. ते म्हणाले, असंच राहिलं तर दुसरीकडे टोचावं लागेल. दारातून बायकोचा हुंदका ऐकू आला. 

तेव्हा मागचा माणूस पहिल्यांदा बोलला.

"काका, तुमी भार टाकत नाय. अर्धा सवताकडं ठेवलाव, त्यानं मला जास्त जड होतंय."

मी म्हणालो, तुम्हाला त्रास नको म्हणून. त्याच्या पाठीत हसू हललेलं मला माझ्या पाठीत जाणवलं. तो म्हणाला, "डोलीतला माणूस असाच करतो. आपन सावरू म्हनतो नि खालच्यांच्या खांद्याला हिसका बसतो. आयेला डोलीतनं खाली आणलं तवा तिनं पन तेच केलान. सगळा टाका, नायतर सगळा ठेवा."

म्हातारी लगेच म्हणाली, "मी काय नाय केलं. चौघंच लटपटत होताव तुमी."

त्याचं खरं होतं. माझी कंबर, मान, मांड्या, सगळं ताठलेलं होतं. दुसऱ्यावर भार टाकायचा नाही, ही माझी आयुष्यभराची ऐट. सुई पोटात असतानाही मी एका अनोळखी माणसावर आपलं अर्धंच वजन टाकून स्वतःला सभ्य समजत होतो. सोडू म्हटलं तर सुटेना. आधी मान मागे टाकली, ती त्याच्या खांद्याच्या खोबणीत बसली. मग खांदे सोडले. मग कंबरेतली ती शेवटची गाठ, जी सोडली तर आपण मागे कोसळू असं वाटत होतं, तीही कशी कोण जाणे सुटली. मी कोसळलो नाही. तो जरासाही हलला नाही. आणि नळीत पाणी पुन्हा वाहू लागलं.

त्यानंतर बराच वेळ गेला. किती, ते मी पाहिलं नाही. मी बाटलीकडे बघणं सोडलं होतं. डोळे मिटले होते आणि मागून त्याचा श्वास येत होता, सावकाश, डोंगर चढणाऱ्या माणसाचा असतो तसा खोल. माझा श्वास आखूड होता, पण हळूहळू तो त्याच्या मागे जाऊ लागला. आणि त्या श्वासावर नाम आलं. मी आणलं नाही. मोजायला हातात माळ नव्हती, मोजण्याची आठवणही नव्हती. श्वास त्याचा की माझा, नाम मी घेतो आहे की नुसतं चाललं आहे, यातलं काही वेगळं करता येत नव्हतं. शिवथरच्या घळीत इतकी वर्षं बसलो, ओघळाचं पाणी ऐकत जप केला, पण असं तिथे कधी झालं नव्हतं. झालं ते महाडच्या एका खाटेवर, पोटात नळी असताना.

मधे एकदा त्याच्यासाठी चहा आला. तो बशीतून फुर्र करून प्यायचा आणि प्रत्येक घोटाचा आवाज मला माझ्या पाठीतून ऐकू यायचा. बोलता येऊ लागलं होतं म्हणून मी विचारलं, घरी शेळ्या कोण बघतंय? म्हणाला, "काळकाई." वाडीच्या देवीचं नाव. तिच्या ठाण्यावर नारळ ठेवून सांगून आलोय म्हणाला, मी आयेजवळ जातो, तू बघ. मी विचारलं, वाघरू आलं तर? तो म्हणाला, "मग तिचं ती बघंल. मी हितं बसू का तिथं?"

पाणी काढून झालं तेव्हा नर्सबाईंनी पट्टा घट्ट आवळून गाठ मारली आणि मला आडवं केलं. आडवं! डोक्याखाली एकच उशी, पाय सरळ, आणि छातीवर काहीच नाही. वर छताची कौलं दिसली. मला एवढंच आठवतं.

मी इतका गाढ झोपलो, की बायकोला वाटलं ते झालंच. पाण्याबरोबर मी गेलो. तिने मला हलवलं, मी जागा झालो नाही. ती रडू लागली तेव्हा शेजारची म्हातारी म्हणाली, "अगो बाय, घोरतोय तो. मेलेला मानूस घोरताना बघितलास का कधी? झोपू दे त्याला." हे मला नंतर बायकोनेच सांगितलं, पदर तोंडाला लावून हसत. आजार कळल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

जाग आली तेव्हा शेजारची खाट रिकामी होती. दुपारच्या गाडीने ते लोक गेले होते. पाठीमागे बसलेल्या माणसाला मी साधा नमस्कारही केला नव्हता. पुढे हा अनुभव सांगितला की आमच्या नामाच्या बैठकीतले काहीजण डोळे विस्फारून विचारतात, चेहरा दिसलाच नाही? मग तो कोण असेल? मी त्यांना सांगतो, तो माणूस होता. बायकोने त्याला नीट पाहिलं आहे, त्याचा पुढचा एक दात पडलेला आहे. पण खाटेला चौकट नसावी, मुलगा वाटेत असावा आणि आपल्या आईचं तोंड दिसावं म्हणून एका माणसाने नेमकी माझ्याकडे पाठ करून बसावं, हे जुळवून आणणं काही माझ्या हातातलं नव्हतं. याहून जास्त मला बोलता येत नाही.

मुलगा दुसऱ्या दिवशी पोचला. मी घरी आल्यावर त्याला म्हातारीसाठी लुगडं आणि नारळ देऊन वरच्या वाडीत पाठवलं. त्या माणसाला आधी आठवेचना. मग म्हणाला, "ते काका होय. लई हडकुळे, पन सुरवातीला जड." मुलाने मी सांगितल्याप्रमाणे शेळ्यांची चौकशी केली. एक करडू गेलं होतं. वाघराने नेलं. मुलगा शहरात राहिलेला, त्याने विचारलं, मग तुमच्या काळकाईला काय म्हणालात? तो म्हणाला, "काय म्हननार? मी नसताना एवढी सांभाळलान, तिला नारळ देऊन आलो."

मुलाने हे हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. मी दोन-तीन दिवस त्यावरच विचार करीत होतो. मी त्याच्या जागी असतो तर गेलेल्या करडाचा जाब मागितला असता. मी तोच मागत होतो. इतका जप केला, मग हा आजार का? त्याने उरलेल्या शेळ्यांकडे पाहून नारळ वाहिला. माझ्याकडेही काही उरलेलं होतं. बायको होती, वाटेत का होईना पण येणारा मुलगा होता, आणि आडवं होऊन घेता येईल असा श्वास होता.

पाणी पुन्हा भरलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. दुसऱ्या वेळी महाडला गेलो तेव्हा चौकट मोकळी होती, पण बायकोने ती घेऊ दिली नाही. म्हणाली, मी बसते. मी म्हणालो, तुला झेपणार नाही, मागच्या वेळी पाहिलंस ना? ती म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही टेकलाच नव्हतात." ती खाटेवर चढली, माझ्याकडे पाठ करून बसली, पाय खाली सोडले. मी मान मागे टाकली, मग खांदे, मग कंबर. तिची पाठ त्या माणसाच्या पाठीच्या निम्मीही नाही. पण तिने शेवटपर्यंत मला पेललं आणि तिचे हात थरथरले नाहीत. संसाराला इतकी वर्षं झाली, तिच्यात एवढं बळ आहे हे मला माहीत नव्हतं. मी कधी पूर्ण टेकून पाहिलंच नव्हतं.

आता परवा पुन्हा जायचं आहे. पाणी पूर्वीपेक्षा लवकर भरतं, त्याचा अर्थ मला कळतो आणि तिलाही. भीती गेली आहे असं मी म्हणणार नाही. सुई दिसली की आजही पोट आवळतं. पण आवळलं हे आता मला कळतं, आणि कळलं की सोडता येतं. एक दिवस असा येईल, की मागे बायको नसेल, मुलगा नसेल, कुणाचीच पाठ पोचणार नाही. त्या दिवशी मागे कोण बसलं आहे ते वळून पाहायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे. मान टाकायची, मग खांदे, मग कंबर.